तुम्ही बघायचात, मी ऐकायची

अहो,

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल बोलायच्या आधी त्याच्या इंजिनाबद्दल बोलला. कुणाचा फवारणीचा पंप तुम्ही ऐन कपाशीच्या दिवसांत चालू करून दिलेला, कुणाचं पाणी उपसायचं इंजिन, कुणाची आजोबाच्या वेळची मोपेड. लिंबागणेशचे एक म्हातारबाबा फोटोपुढं हात जोडून बसले आणि बोलायलाच लागले, “मिस्त्री, रस्सी वढली की हाताला झटका मारतंय बघा इंजिन.” मग त्यांच्या लक्षात आलं. पटक्याच्या शेवानं डोळे पुसत ते उठले. मला हसू आलं आणि रडूही. तुम्हाला सांगून मोकळं व्हायची सवय साऱ्या गावाला होती. मलाही आहे.

तुम्ही कधी जन्मलात, किती शिकलात, दुकान कधी टाकलंत, ते सगळं रेखाच्या नवऱ्यानं पेपरात द्यायच्या मजकुरात लिहिलं. जावयानं बरोबरच लिहिलंय. पण त्यात तुम्ही कुठं दिसत नाही.

मला तुम्ही दिसता ते उमापूरच्या रस्त्यावर. लग्नानंतर पहिल्यांदा मी माहेरी गेलते आणि तुम्ही मला न्यायला आलात, मोपेडवर. तिथून आपल्या नेकनूरपर्यंत बहिणीला मोपेडवर बसवून न्यायची म्हणून माझा भाऊ तोंडावरच हसला. “दाजी, एसटी हाय की.” तुम्ही ऐटीत म्हणालात, “एसटीपरीस आमची गाडी भरवशाची हाय.” गेवराई यायच्या आतच ती भरवशाची गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक ठोका नीट, दुसरा गायब, आणि एका बाभळीपाशी साफ बंद पडली. बाभळीला सावली नव्हतीच.

डांबर चपलेला चिकटेल असं ऊन. नवी बायको, तिच्या हातात माहेरची पिशवी, आणि जाणारा येणारा मान वळवून बघतोय. तुमचं तोंड अगदी रडवेलं झालं होतं. तुम्ही पाना काढला, प्लग खोलला, वायरीला परत जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला म्हणालात, “पायडल फिरव.” मी साडी सावरली आणि स्टँडवर उभ्या गाडीचं पायडल हातानं फिरवलं. उन्हात ठिणगी काही दिसेना. मग लाजत लाजत तुम्ही म्हणालात, “पदराचा आडोसा धरती का?”

एका हातानं पायडल, एका हातानं पदर. त्या पदराखाली आपली दोघांची डोकी एकमेकांना लागत होती आणि आपण दोघं बघत होतो प्लगकडं.

“पिवळी हाय,” तुम्ही पुटपुटलात. “निळी पाह्यजे. समदी काजळी धरलीया.” खिशातल्या चाकूनं तुम्ही प्लग खरवडला, लग्नात आहेर म्हणून आलेल्या रुमालानं पुसला, टोकांच्या मधल्या फटीत नख घालून बघितलं. मी पुन्हा पायडल फिरवलं. मला ती ठिणगी दिसायच्या आधी ऐकू आली. टक्. मी म्हणाले, “वाजली.”

तुम्ही प्लग सोडून माझ्याकडं बघितलं. “तुला ऐकू आली? लोकास्नी दिसायची मारामार, आन् तुला ऐकू आली?”

माझ्या रंगाचं, स्वयंपाकाचं, शिवणाचं कौतुक त्या काळात बऱ्याच जणांनी केलं असेल. त्यातलं एकही आठवत नाही. हे आठवतं.

मी दुकानात बसायला लागले ती रेखा शाळेत जायला लागल्यावर. सुरुवातीला डबा द्यायला म्हणून यायची, मग स्टुलावर टेकायची, मग तुम्ही म्हणायचात, “जरा ही रस्सी वढ.” बाजाराच्या दिवशी दुकानापुढं पंपांची रांग लागायची. तुमचा क्रम ठरलेला होता आणि तो तुम्ही कधी मोडला नाहीत. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा. गिऱ्हाईक काही सांगायला लागलं की तुम्ही हात वर करायचात. “तू थांब. मी इंजिनाला इचारतो.”

तिथंच आपलं भांडण होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, आधी माणसाला विचारा. इंजिन एकदम गपकन बंद पडलं की आचके देत देत बंद पडलं? एकदम पडलं तर बहुतेक ठिणगीचं दुखणं, आचके देत पडलं तर पेट्रोलचं. माणूस हे सांगू शकतो. तुम्ही म्हणायचात, “माणूस खोटं बोलतो, मंगल. इंजिन न्हाई बोलत.”

आणि माणसं खोटं बोलायचीच की. एक जण शपथेवर सांगत होता, “हातसुदिक लावला न्हाई हो, आपोआप बिघडलं.” तुम्ही टाकीचं झाकण उघडून माझ्या नाकापाशी धरलंत. पेट्रोलच्या इंजिनाची टाकी, डिझेलनं भरलेली. तो माणूस गेल्यावर तुम्ही दिवसभर मला चिडवत होता. “इचार की, इचार माणसाला.”

पण तो पाठीवरचा पंप आठवा. दुकानात आणला की लगेच चालू, शेतात नेला की बंद. तुम्ही सकाळी सकाळी ठिणगी बघायचात, निळीशार. तो बिचारा घेऊन जायचा आणि परत यायचा. शेवटी तुम्ही चहाला गेला असताना मी त्याला विचारलं, “दादा, बंद कधी पडतो?” तो म्हणाला, “चांगला तापला की पडतो. सावलीत ठिवला की पुन्हा चालू.” तुम्ही आल्यावर मी सांगितलं. तुम्ही पंप चालू केलात, तो तापून बंद पडेपर्यंत चालू ठेवलात, मग लगेच प्लग काढून बघितलं. ठिणगीचा पत्ता नाही. ठिणगी पाडणारी कॉईल गार असताना काम करायची आणि तापली की मान टाकायची. कॉईल बदलली, पंप ठीक झाला. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही म्हणालात, “मी तापवून बघणारच हुतो.”

बघणार होता! अहो, मी अजून हसते त्या वाक्यावर.

तुमचे कान जायला लागले ते मला तुमच्या हातावरून कळलं. आधी इंजिन चालू झालं की तुम्ही मान तिरकी करून ऐकायचात. पुढं पुढं तुम्ही इंजिनाच्या अंगावर तळवा ठेवायला लागलात, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मी मागून हाक मारली की तुम्ही वळेनासे झालात. एकदा एकानं विचारलं, “मिस्त्री, किती येळ लागंल?” आणि तुम्ही सांगितलंत, “दुधाचा चहा घेतो, बिनसाखरेचा.” सगळे हसले. तुम्हीही हसलात, मुद्दाम विनोद केल्यासारखे. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

त्यानंतर मी माझं स्टूल तुमच्या समोर सरकवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. इंजिन चालू झालं की तुम्ही कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचात आणि खाली मान घालून तिरक्या डोळ्यानं माझ्या हाताकडं बघायचात. माझी मूठ बंद असली की इंजिन एकसारखं चाललंय. बोटं उघडली की मिसिंग आहे. बघणाऱ्याला वाटायचं, बाई हात चाळवत बसलीय. तुम्ही बघायचात, मी ऐकायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रीचा कान लई तयार हाय.

बीडचे हमीदभाई, ज्यांच्याकडून आपण पार्ट आणतो, फक्त त्यांना हे कळलं होतं. ते तुमच्यासमोर यायचे, तोंड समोर धरून मोठ्यानं बोलायचे आणि जाताना मला हळूच म्हणायचे, “भाभी, मशीन बिठा लो कान में. समजाव की जरा त्यांना.”

रेखानं ते मशीन आणलंच. तुम्ही एक दिवस लावलंत. ग्रायंडरचा आवाज, एसटीचा हॉर्न, समोरच्या टपरीवरची कपबशी, सगळं एकदम डोक्यात शिरलं म्हणून काढून ठेवलंत ते कायमचं. किती भांडले मी तुमच्याशी त्यावरून. तुम्ही म्हणायचात, “दुकानाचं काम अडलंय का? तू हायस की.” मी म्हणायची, “दुकानासाठी न्हाई, माझ्यासाठी लावा.”

“तुझं मला व्हटावरनं कळतं.”

“आन् लाईट गेल्यावर?”

आपल्याकडं लाईट किती जाते ते काय सांगायला पाहिजे!

आता विहिरीचं. गावात सगळे ते तुमचं मोठं काम म्हणून सांगतात, पण आपल्या दोघांचं त्या दिवशी काय झालं ते कुणाला ठाऊक नाही.

दुपारची वेळ होती. लिंबागणेशच्या वाटेवर शेत असलेले सोपानराव मोटारसायकल न थांबवताच ओरडले, “मिस्त्री, चला बिगीनं. इष्णू हिरीत अडकलाय!” विष्णू त्यांचा धाकटा भाऊ. मी तुम्हाला हातानं चला म्हटलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि तुमच्या गाडीवर मागं बसले. रस्त्यात मी तुमच्या कानाशी ओरडून सांगत होते काय झालंय ते. वाऱ्यात तुम्हाला किती कळलं, कोण जाणे.

विहीर नवी, अजून खोदकाम चाललेलं, तीन पुरुष उंचीएवढीही खोल नव्हती. बाजूला पाण्याचा मोठा झरा लागला आणि त्या ओलीनं दरड सुटून एक शिळा विष्णूच्या पायावर बसलेली. खाली उतरलेली माणसं पहारीनं ती हलवायला बघत होती, पण पाणी चढलं तसं त्यांना खालचं काही दिसेना. पाणी विष्णूच्या छातीला लागलं होतं. शेतात वीज अजून आलेली नव्हती. काय ते एक पेट्रोलचं इंजिन, आणि ते बंद. रस्सी ओढून ओढून माणसांच्या हाताला फोड आलेले. विष्णूची बायको काठाशी बसली होती, तिला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. ती रडत नव्हती. सारखं एकच म्हणत होती, “बोला की वो. खालनं बोला कायतरी.” आणि तो खालून ओ देत होता.

तुम्ही इंजिनापाशी बसलात. प्लग काढला, टेकवला, रस्सी ओढायला लावली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. तरीही नाही. तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आता तुम्ही वरचं कव्हर खोलून कॉईल बघणार. तुमचा क्रम बरोबर होता. पण तेवढा वेळ विष्णूकडं नव्हता.

मी सोपानरावांना धरलं. “इंजिन चालू असताना बंद पडलं, का तुमी बंद केलं?”

“आमीच केलं, वैनी. झकास चाललतं. काठ ढासळाया लागला म्हनून बंद करून चौघांनी मागं वढलं. तवापास्नं चालू व्हईना बघा.”

मागं ओढलं. मी वाकून बघितलं. बंद करायच्या बटणाची बारीक वायर इंजिनाच्या बुडाखाली, लोखंडी सांगाड्यात चेंगरलेली होती. तुम्हीच मला शिकवलं होतं, बटण दाबलं की ठिणगी प्लगकडं न जाता लोखंडात उतरते, म्हणून इंजिन थांबतं. वायर सोलून लोखंडाला टेकली तर ते बटण कुणीतरी दाबून धरल्यासारखंच.

“अहो, वायर! बटणाची वायर!”

तुमची मान खाली. हातात पाना. तुम्ही कव्हरचा पहिला बोल्ट सैल करत होतात. मी पुन्हा ओरडले, जिवाच्या आकांतानं. सगळं शेत माझ्याकडं बघायला लागलं आणि तुम्ही तेवढे बघत नव्हता. सोपानराव म्हणाले, “वैनी, मिस्त्रीला ऐकू येत न्हाई का काय?”

इतकी वर्षं झाकलेलं असं उघड्यावर पडलं.

मी धावत जाऊन तुमचे खांदे धरले, तोंड माझ्याकडं वळवलं आणि वायर दाखवली. तुम्ही एक क्षण बघितलंत. पाना टाकला. वायर कॉईलकडच्या जोडापासून उपटून काढलीत. प्लग टेकवला, रस्सी ओढली. निळी ठिणगी! तुम्ही प्लग बसवला आणि इंजिन दुसऱ्या हिसक्याला लागलं. पण लागलं ते अडखळत, खोकत. तुम्ही तळवा ठेवलात आणि तिरक्या डोळ्यानं माझ्या हाताकडं बघितलंत, दुकानात बघता तसं, चोरून.

मी हात लपवला नाही. डोक्याच्या वर उचलला आणि बोटं उघडली. तुम्ही चोक थोडा सरकवलात. अजून नाही. अजून थोडा. मग आवाज एकसारखा झाला आणि मी मूठ मिटली. मूठ तशीच वर धरून मी सोपानरावांना म्हणाले, “न्हाई येत ऐकू. मी ऐकते, ते बघतात. पाईप सांभाळा तुमचा.”

पाणी लगेच उतरलं नाही. आधी नुसतं चढायचं थांबलं. मग विष्णूच्या सदऱ्याची बटणं एकेक करून दिसायला लागली. मग खालच्यांना शिळा दिसली, पहारी लागल्या. बाजेला दोर बांधून त्याला वर काढला तेव्हा पाय मोडलेला होता, तोंड पांढरं पडलं होतं, पण तो बोलत होता. त्याची बायको तेव्हा रडली. तुम्ही अजून इंजिनापाशीच होता. बटणाची वायर काढलेली, म्हणून पेट्रोलची तोटी फिरवून ते बंद करावं लागेल, हे सोपानरावांच्या भाच्याला नीट समजावून सांगत होता.

परत येताना मला वाटलं, चारचौघांत बोलले म्हणून तुम्हाला राग आला असेल. घरी आलात, हात धुतलेत, बराच वेळ धूत राहिलात. मग म्हणालात, “बरं झालं बोललीस. लपवून लपवून दमलो हुतो.” ऐकू न येणारा माणूस मोठ्यानं बोलतो. हे तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोललात की शेजारच्या काकू दारात आल्या. मी त्यांना हातानंच ‘काही नाही’ म्हटलं आणि आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायला लागलात, “आधी हिला सांगा, कसं बंद पडलं ते.” माझं बरोबर होतं असं मात्र तुम्ही कधी म्हणाला नाहीत. उलट एखाद्या निवांत दुपारी मध्येच म्हणायचात, “तरी पण मंगल, ठिणगी बघितली नसती तर वायरीचं कसं कळलं असतं?” मी म्हणायची, “इचारलं नसतं तर?” ते तसंच राहिलं. गिऱ्हाइकं मात्र तेव्हापासून दुकानात आली की ओरडूनच बोलायला लागली.

बीडच्या दवाखान्यात तुमच्या छातीला वायरी लावल्या तेव्हा तुम्ही त्या वायरी कुठून कुठं गेल्यात ते बोटानं तपासत होता. नर्स रागावली. तुम्हाला ते कळलंच नाही. उशाशी मशीन वाजत होतं. तुम्ही विचारलंत, “आवाज करतंय का गं ते?” मी मान हलवली. “कसा?” मी तुमच्या हातावर बोटानं ठोके दिले, सारख्या अंतरानं, एक, एक, एक.

“मिसिंग न्हाई ना?”

मी मूठ मिटून दाखवली.

मिसिंग होतं. मघापासून मला ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. माणूस खोटं बोलतो, हे तुमचं म्हणणं त्या दिवशी मीच खरं केलं. तुम्ही माझ्या मुठीकडं बघितलंत आणि डोळे मिटून घेतलेत. तुम्हाला पटलं का, ते मला कळलं नाही.

मला तेव्हा तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. पण वॉर्ड माणसांनी भरलेला, तुमचे डोळे मिटलेले, आणि सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तुमचे कान गेले तसं आपल्यातलं हे एक बोलणं गेलं, हे मला तिथं पहिल्यांदा नीट उमगलं. भांडण ओरडून करता येतं. पाना द्या, जेवायला चला, रेखाचा फोन आलाय, हे ओरडून सांगता येतं. हळू बोलायचं जे असतं ते सगळं राहून गेलं, वर्षानुवर्षं. माझंही राहिलं आणि तुमचंही राहिलं असणार. तुम्ही हळू बोलायचं विसरूनच गेला होता.

मोठं काही नव्हतं हो सांगायचं. एवढंच की तुमच्याबरोबर मला करमलं. माहेरची आठवण मला फार कमी वेळा आली. आणि तुम्ही मला घरात बसवलं नाहीत, रस्सी ओढायला लावलीत, हे बरं केलंत.

काल दुकान उघडलं. रेखा म्हणत होती, माझ्याकडं चल. मी म्हटलं, बघू. धूळ झाडली, तुमची हत्यारं होती तिथंच राहू दिली. माझं स्टूल तेवढं पुढं घेतलं. हमीदभाई बीडहून आले, येताना प्लगचा डबा घेऊन. पायरीवरूनच मोठ्यानं म्हणाले, “भाभी! कॉईल पण पाहिजे होती का?” आणि तिथंच थबकले. माझ्याकडं बघून खालच्या आवाजात म्हणाले, “माफ करना. आदत पड़ गई.” मी प्लगचा डबा त्यांच्या हातातून घेतला.

त्यांच्यामागून एक पंपवाला आला, तोही ओरडूनच बोलला. मग अजून एक. आपल्या दुकानात आलेला माणूस अजून मोठ्यानंच बोलतो. मी कुणालाही हळू बोला म्हणाले नाही.